हरलेल्या फायटरचा सिनेमा कुठे आहे?

हिंदी सिनेमात एमएमए फायटर कधीच पोटासाठी लढत नाही. 'ब्रदर्स' (२०१५), 'सुल्तान' (२०१६) आणि 'लायगर' (२०२२) हे तीन मोठे सिनेमे ओळीने पाहिले की हे लख्ख दिसतं. अक्षय कुमार आजारी मुलीसाठी पिंजऱ्यात उतरतो. सलमान खानला रक्तपेढी उभारायची असते, कारण वेळेवर रक्त न मिळाल्याने त्याचं बाळ गेलेलं असतं. विजय देवरकोंडाच्या डोक्यावर आईच्या स्वप्नाचं ओझं असतं. 'हे माझं काम आहे, मला ते जमतं आणि त्याचे पैसे मिळतात' असं तिघांपैकी एकही म्हणत नाही. गायकाला गाण्यासाठी, क्रिकेटरला बॅटसाठी असलं कारण द्यावं लागत नाही. मारामारीचा पेशा मात्र आपल्याला इतका ओशाळवाणा वाटतो की त्यावर घरच्या दुःखाची शाल पांघरावी लागते.

'ब्रदर्स' हा 'वॉरियर' (२०११) या अमेरिकी सिनेमाचा रिमेक. मूळ सिनेमातल्या शिक्षकाच्या मुलीचं ऑपरेशन होऊन गेलेलं आहे. आता मानगुटीवर बसलंय ते बँकेचं कर्ज, घर जायची वेळ आलीय. म्हणजे त्याची लढाई हिशेबाची आहे. आपल्या रिमेकमध्ये कर्ज मागे सरकतं आणि मुलीचा आजार थेट पुढ्यात येतो. हिशेबाची जागा अश्रू घेतात. जॅकी श्रॉफने थकलेला, पस्तावलेला बाप मनापासून केलाय, पण सिनेमाला पैशांबद्दल बोलायची लाज वाटते, ती काही लपत नाही.

मी शीवला राहतो, म्हणून हे मला जास्त खटकतं. इथे महापालिकेचं लोकमान्य टिळक रुग्णालय आहे, ज्याला सगळी मुंबई 'सायन हॉस्पिटल' म्हणते. अपघात, मारामाऱ्या, फुटलेली डोकी, मोडलेले हात तिथल्या कॅज्युअल्टीत रोज येतात. शरीर मोडलं की पुढे काय काय करावं लागतं, हे या भागात पोराटोरांनाही माहीत असतं. केस पेपर, एक्स-रेची रांग, बुडालेला रोज. 'लायगर'चा नायकही मुंबईतच चहा विकतो, पण ही मुंबई कुठल्या स्टेशनाजवळची ते शेवटपर्यंत कळत नाही. तो मार खातो, उठतो, पुढच्या सीनला ठणठणीत. पहिल्या मजल्यावरच्या छोट्या जिममध्ये मॅटवर घाम गाळणाऱ्या पोरांना हा सिनेमा एवढंच सांगतो, की आईचा आशीर्वाद आणि अंगात आग असली की थेट लास व्हेगास.

आता खरी गोष्ट. यूएफसी ही या खेळातली सगळ्यात मोठी कंपनी. २५ नोव्हेंबर २०१७ रोजी तिचा चीनच्या मुख्य भूमीवरचा पहिला कार्यक्रम शांघायमध्ये झाला. त्यात मुंबईचा भरत खंडारे उतरला. यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरणारा तो पहिला भारतीय नागरिक. समोर एकोणीस वर्षांचा चिनी फायटर सोंग यादोंग. पाच मिनिटांची पहिली फेरीही पूर्ण झाली नाही. सोंगने गिलोटिन चोक लावला आणि लढत संपली. त्या रात्रीच्या सरस कामगिरीचा बोनस सोंगला मिळाला. पुढे तो बँटमवेट गटातल्या आघाडीच्या फायटरांमध्ये गेला. खंडारे यूएफसीत पुन्हा लढला नाही.

खंडारे कुस्तीतून आलेला. कुस्तीत पट काढायला डोकं पुढे घालून समोरच्याच्या पायांत शिरायचं असतं. मान आवळणं नियमात बसत नाही, म्हणून मान पुढे गेल्याची धास्ती नसते. एमएमएत तीच पुढे आलेली मान काखेत अडकते. त्यालाच गिलोटिन म्हणतात. आणखी एक उलटापालट आहे. कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की चीतपट, खेळ खलास. एमएमएत पाठीवर पडलेला माणूस खालून पायांची कैची घालून वरच्याचा गळा आवळू शकतो आणि जिंकू शकतो. म्हणजे कुस्तीगिराला नवे डाव शिकून भागत नाही. लहानपणापासून अंगात मुरलेली भाषा त्याला विसरावी लागते. हे नाट्य कुठल्याही आजारपणाच्या उपकथेपेक्षा मोठं आहे. 'सुल्तान'ला ते हाताशी होतं, नायक मातीतला पैलवान होता. पण सिनेमा त्याला फारसं काही विसरायला लावत नाही, अखेर त्याची जुनी कुस्तीच त्याला तारते. सुटलेलं पोट आरशात पाहून तो रडतो, तेवढा एक सीन खरा आहे. आपलं हत्यार गंजलंय हे कामगाराला कळतं, तसा तो क्षण आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. सिनेमातला फायटर शरीर कमावतो, खरा फायटर ते उतरवतो. फेदरवेटची मर्यादा १४५ पौंड, म्हणजे साधारण ६६ किलो. लढतीच्या आदल्या दिवशी काट्यावर तेवढंच भरावं लागतं. त्यासाठी शेवटच्या दिवसांत पाणीसुद्धा तोडतात. मग पैसे. नवख्या फायटरच्या करारात साधारणपणे उतरण्याचे पैसे वेगळे आणि जिंकण्याचे वेगळे असतात. हरला की दुसरा हिस्सा गेला. महिन्याचा पगार नसतो. हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही, त्यामुळे पदकावर सरकारी नोकरी ही आपल्या कुस्तीगिरांची ओळखीची वाट इथे जवळपास बंदच आहे.

आणि मुंबईत हा धंदा सिनेमावाल्यांच्याच हातून वाढला. २०१२ च्या मार्चमध्ये अंधेरीला सुपर फाइट लीगचा पहिला कार्यक्रम झाला, मागे राज कुंद्रा आणि संजय दत्त. मुख्य लढत बॉब सॅप आणि जेम्स थॉम्पसन या दोन परदेशी धिप्पाडांची. २०१९ मध्ये श्रॉफ कुटुंबाने मॅट्रिक्स फाइट नाइट सुरू केली. तिथे लढलेले अंशुल जुबली आणि पूजा तोमर पुढे यूएफसीत पोचले. जुबली २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अबू धाबीत नॉकआउट झाला. पूजाने २०२४ च्या जूनमध्ये पदार्पणातच लढत जिंकली. म्हणजे सिनेमावाल्यांनी खऱ्या फायटरांना जवळून पाहिलंय. तरी पडद्यावर यातलं काही आलं नाही.

'प्रेक्षकाला विजय हवा असतो' असं यावर म्हणता येईल. पण 'वॉरियर'मध्येही विजय आहे, तरी त्यातलं कर्ज खरं वाटतं. विजय दाखवण्याला माझी हरकत नाही. पराभव म्हणजे फक्त मध्यंतराआधीची पायरी, या समजुतीला आहे. 'पहिला भारतीय' म्हणून ज्याचा फोटो छापायचा, तो हरला की त्याच्या नावापुढे फक्त निकाल उरतो. त्या पाच मिनिटांच्या आतल्या रात्रीपर्यंत पोचायला लागलेली वर्षं कुणी मोजत नाही. आज मॅटवर असलेल्या पोरांपैकी बहुतेकांची कारकीर्द देवरकोंडासारखी नव्हे, खंडारेसारखी असेल. किंवा त्याच्याही खूप अलीकडे थांबेल. त्यांना ही गोष्ट आधी कळायला हवी. घाबरवण्यासाठी नाही. हरल्यावरही आपण फायटरच होतो, हे त्यांना पुढे स्वतःला सांगता यावं म्हणून.

आपल्याकडे याचा दाखला आहे. खाशाबा जाधव म्हटलं की १९५२ चं हेलसिंकी आणि कांस्यपदक आठवतं. त्याआधी १९४८ मध्ये लंडनला ते सहावे आले होते. हेलसिंकीला जायला लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं. सहाव्या आलेल्या माणसावर कुणीतरी पुन्हा पैसे लावले, म्हणून पदक आलं. नागराज मंजुळे यांनी खाशाबांवर सिनेमा जाहीर केला आहे. त्यात हेलसिंकी असणारच. लंडनला किती मिनिटं मिळतात, ते मी घड्याळ लावून पाहणार आहे.