पुण्याचे वाडे व त्यांचीं संग्रहालयें : एक परीक्षण

जुनी वास्तु राखली म्हणजे तिचा इतिहास राखला गेला, असा समज आपल्याकडे बहुतेक सर्वत्र आढळतो. पुण्यासारख्या शहरांत, जेथें जुने वाडे एकामागून एक जमीनदोस्त होत आहेत, तेथें उरलेल्या वास्तूंविषयीं असें वाटणें स्वाभाविकच आहे. परंतु वास्तु हें इतिहासाचें साधन मानावयाचें, तर जुन्या कागदास आपण जी कसोटी लावतों तीच तिलाही लावली पाहिजे. ती कशाचा पुरावा देते, आणि ज्या रीतीनें ती लोकांपुढें मांडली जाते त्या रीतीनें तो पुरावा उघड होतो कीं झांकला जातो, एवढेच दोन प्रश्न आम्ही येथें विचारणार आहों.

प्रथम जें काम झालें आहे त्याचा गौरव करणें उचित होय. कै. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनीं आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ हजारों वस्तु जमविल्या आणि इ. स. १९७५ मध्यें तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. दिवे, अडकित्ते, भांडीं, वाद्यें, कोरींव दरवाजे अशा नित्याच्या वस्तूंस त्यांनीं इतिहासाच्या पंक्तीस बसविलें. लढाया व तहनामे यांपलीकडे पाहावयास ज्या संग्रहानें शिकविलें, त्याचें ऋण संशोधकांनीं मान्य केलेंच पाहिजे. त्यांनींच कोथरूड येथील, मस्तानीचा म्हणून ओळखला जाणारा महाल तेथून हलवून संग्रहालयांत पुन्हा उभारला. तसें न होतें तर त्याचें लाकूडही आज उरलें नसतें.

तथापि या स्थलांतरानें काय वांचलें व काय गेलें याचा हिशेब मांडावयास हवा. खांब व कमानी वांचल्या; महालाचें ठिकाण गेलें. तो कोणत्या वाटेवर होता, त्यास पाणी कोठून येई, शनिवारवाड्यापासून तो किती दूर होता, या गोष्टी नक्षीइतक्याच, किंबहुना अधिकच, बोलक्या होत्या. आधार सुटलेला कागद वाचतां येतो. पण तो कोणत्या दफ्तरांतला हें कळलें नाहीं, तर त्याचें मोल निम्मेंच राहतें. जागेवरून उठविलेल्या वास्तूचें तसेंच आहे.

जागेवर राहिलेल्या वास्तूंची कथा निराळी, पण तिच्यांतही एक दोष शिरतो. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावानें इ. स. १८०७ च्या सुमारास बांधविला. इ. स. १८१७ च्या अखेरीस पेशव्यानें पुणें सोडलें. म्हणजे त्याचा या वाड्याशीं संबंध फार तर दहाएक वर्षांचा. इ. स. १८२१ मध्यें दक्षणेच्या रकमेंतून संस्कृत पाठशाळा येथेंच निघाली. तिच्यांतूनच पुढें डेक्कन कॉलेज उदयास आलें. इ. स. १८७९ मध्यें वाड्याचा कांहीं भाग आगींत जळाला, आणि विसाव्या शतकांत नगरपालिकेच्या कचेऱ्या येथें नांदल्या. वर्षांचें माप लाविलें तर हा वाडा पेशव्याचा कमी आणि विद्यार्थ्यांचा व कारकुनांचा अधिक ठरतो. तरी लोकांच्या तोंडीं तो पेशव्याचाच. वास्तूस तिच्या पहिल्या धन्याचें नांव देऊन पुढील दीडदोन शतकें गाळून टाकणें, ही रीत केवळ या वाड्यापुरती नाहीं. आपल्या बहुतेक ऐतिहासिक वास्तूंचें वर्णन याच साच्यांत केलें जातें.

याच्या उलट गंज पेठेंतील महात्मा फुले यांचें घर पाहावें. त्यांत कोरींव कामाचें वैभव नाहीं. पण इ. स. १८६८ मध्यें जोतीरावांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला, तो याच आवारांतला, इ. स. १८९० मध्यें ते निवर्तल्यावर त्यांच्या अस्थि ठेविल्या, त्याही येथेंच. हा हौद उचलून एखाद्या दालनांत ठेविला, तर तो निव्वळ पाण्याचें भांडें ठरेल. कोणाच्या दारीं, कोणत्या गल्लींत, कोणाच्या नजरेसमोर तो खुला झाला, यांत त्याचा सारा अर्थ आहे. घर म्हणजे भिंती नव्हेत, तर माणसांनीं त्या भिंतींआंत व भोंवतीं केलेला व्यवहार, हें या एका उदाहरणानें सिद्ध होतें.

हाच न्याय सामान्य वाड्यांस लाविला, तर आपल्या संग्रहालयांची मोठी उणीव ध्यानांत येते. विसाव्या शतकांतील पुणेरी वाडा हा एका सरदाराचा नव्हता. तो बिऱ्हाडांचा होता. इ. स. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें भाडीं इ. स. १९४० च्या पातळीवर जखडलीं गेलीं. भाडेकरूस आसरा मिळाला, पण मालकास डागडुजी परवडेनाशी झाली. ता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेकांठच्या पेठांत पाणी शिरलें व कित्येक वाडे बसले. पुढें जमिनीच्या किंमतीनें उरलेल्यांची वाट लाविली. शहराच्या जीवनांतील या घडामोडी सामायिक नळावर, अंगणांत, माजघरांत प्रत्यक्ष घडल्या. पण त्यांच्यासाठीं एखादें बिऱ्हाड जसेंच्या तसें राखावें, असें आपल्याकडे क्वचितच कोणास सुचतें.

हें अशक्य नाहीं. न्यूयॉर्क शहरांत ऑर्चर्ड स्ट्रीटवरील ९७ क्रमांकाची चाळ इ. स. १८६३ मध्यें बांधली गेली व इ. स. १९३५ मध्यें तींतील बिऱ्हाडें उठलीं. इ. स. १९८८ मध्यें स्थापन झालेल्या संग्रहालयानें तीच चाळ जागेवर राखून, तेथें राहून गेलेल्या परदेशागत कुटुंबांच्या खोल्या नांवनिशीवार दाखविल्या. तेथें राजा नाहीं, सेनापति नाहीं. शिंपी, कारागीर व त्यांचीं मुलेंबाळें आहेत.

यावर असा आक्षेप येईल कीं, बिऱ्हाडांचे तंटे व भाडेपावत्या म्हणजे इतिहास नव्हे. आमचें उत्तर असें कीं, राजवाड्यांनीं इ. स. १८९८ पासून जीं साधनें प्रसिद्ध केलीं, तीं घरोघरच्या दफ्तरांतूनच हुडकलेलीं होतीं. आणि त्यांच्याही काळीं तीं अनेकांस रद्दीच वाटत होतीं.

आतां लोकांसाठीं होणाऱ्या कार्यक्रमांविषयीं. ता. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन किंवा ता. १८ मेचा संग्रहालय दिन आला कीं फेऱ्या व व्याख्यानें होतात. यांनीं गोडी लागते, हें खरें. पण त्यांत पेठेंतील रहिवासी श्रोता असतो, फार तर देखाव्याचा भाग असतो. साक्षीदार कधींच नसतो. ज्या आजीबाईंनीं वाड्यांत साठ वर्षें काढलीं, त्यांनाच वाड्याची माहिती सांगून आपण पुढें जातों. आमची सूचना अशी कीं, प्रत्येक फेरींतून दफ्तरांत कांहीं जमा व्हावें : खोलीवार बिऱ्हाडांचा नकाशा, तारीख व नांव घालून लिहून घेतलेली जबानी, भाडेपावत्या, वाटणीपत्रें व सिटी सर्व्हेचे उतारे यांच्या नकला. अस्सल कागद धन्यास परत करावे. आठवणी कागदांशीं ताडून पाहाव्या, आणि जेथें मेळ बसत नाहीं तेथें तसें स्पष्ट नोंदवावें.

या कामास कोट्यवधि रुपये लागत नाहींत. चिकाटी लागते आणि वेळ लागतो. वेळ मात्र थोडा आहे. पानशेतच्या पुरावेळीं जाणतीं असलेलीं माणसें आज वृद्ध झालीं आहेत. एक वाडा पडला तर त्याचें लाकूड तरी कोठें विकलें जातें व कधीं काळीं हातीं लागूं शकतें. त्यांतील शेवटचें बिऱ्हाड उठून गेलें, कीं त्याची साक्ष कोणत्याही बाजारांत मिळत नाहीं. म्हणून संग्रहालयांच्या चालकांनीं पुढील दरवाजा विकत घेण्यापूर्वीं त्या दरवाज्यानें येजा करणाऱ्यांचा पत्ता आधीं काढावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.