बोस्टनचे बालसंग्रहालय आणि आपण वडील माणसे

मासिकांतून ग्रंथांचे, नाटकांचे, क्वचित चित्रांचे परीक्षण करण्याचा प्रघात आहे. संग्रहालयाचे परीक्षण केल्याचे फारसे आढळत नाही. संग्रहालय म्हणजे वस्तूंची साठवण, आणि साठवणीवर टीका ती काय करावयाची, असा आपला समज असतो. परंतु हा समज फार वेळ टिकण्याजोगा नाही. कोणती वस्तू मांडावी, कोणती गाळावी, कशाशेजारी काय ठेवावे, पाहणारास किती सांगावे आणि किती त्याच्यावरच सोपवावे, हे ठरविणारा कोणी तरी असतोच. जेथे निवड आली तेथे कर्ता आला, आणि कर्त्यामागोमाग टीकाकारही आला. त्यातून संग्रहालय लहान मुलांचे असेल तर टीकेची गरज दुप्पट होते. कारण तेथील खरा रसिक चार-पाच वर्षांचा असतो आणि त्याला आपला अभिप्राय लिहून पाठविता येत नाही.

काही वर्षांपूर्वी मुलीच्या घरी अमेरिकेत गेलो असता पाच वर्षांचा नातू व तीन वर्षांची नात यांना घेऊन बोस्टनचे बालसंग्रहालय पाहण्याचा योग आला. माझी हयात शाळेत शिकविण्यात गेली. त्यामुळे तेथे जाताना ‘आता पाहू, ही मंडळी मुलांना काय शिकवितात ते’ असा काहीसा परीक्षकाचा ताठा मनात होता. परत येताना तो उरला नव्हता. मात्र त्याचे श्रेय संग्रहालयाइतकेच माझ्या हातून घडलेल्या एका चुकीलाही आहे.

प्रथम थोडा इतिहास. मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय ही कल्पना तशी जुनी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात असे संग्रहालय 1899 साली उघडले व ते या जातीचे जगातील पहिले मानले जाते. बोस्टनचे 1913 चे. विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांनी ते उभे केले. आरंभी त्याचे रूप थोरांच्या संग्रहालयासारखेच होते: पक्षी, शंख-शिंपले, खनिजे, आणि पुष्कळशा वस्तूंवर काच. हे रूप पालटले ते 1962 साली मायकेल स्पॉक हे संचालक झाल्यावर. बालसंगोपनावरील ग्रंथामुळे जगभर गाजलेले डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांचे हे चिरंजीव. त्यांना स्वतःला लहानपणी छापील अक्षर वाचणे अतिशय जड जाई. पुस्तकाच्या दाराने ज्याला आत शिरता आले नाही, त्याने दुसऱ्यांसाठी निराळे दार शोधावे, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. त्यांनी कपाटांच्या काचा दूर केल्या. ‘आत काय आहे?’ एवढाच प्रश्न घेऊन त्यांनी एक प्रदर्शन मांडले व नित्याच्या वस्तू चिरून, कापून, उघडून मुलांपुढे ठेवल्या. रोज पायांखालून जाणाऱ्या रस्त्याच्या पोटात काय असते, हेही त्यांनी मुलांना आत उतरून पाहू दिले. जगातील दुर्मीळ वस्तू दाखविण्यापेक्षा रोजच्या वस्तूतील न दिसणारी बाजू दाखविणे, हा त्यातला खरा नवा विचार होता.

1979 साली हे संग्रहालय बंदरालगतच्या एका जुन्या, विटांच्या वखारीत आले. ही वखार पूर्वी लोकरीची. दारापुढे चाळीस फूट उंचीची दुधाची बाटली उभी आहे. आमच्या नातीने ती पाहताच ‘एवढे दूध कोण पिणार?’ असा रास्त प्रश्न विचारला, व आत पाऊल टाकण्यापूर्वीच संग्रहालयाचे निम्मे काम झाले.

आत शिरल्यावर डोळ्यांत भरते ती मधोमध उभी केलेली चढण. तीन मजले उंच, वाकविलेल्या फळ्या एकीवर एक तिरप्या बसविलेल्या, आणि सभोवार तारांची जाळी. मूल एका फळीवरून दुसरीवर सरपटत, वाकत, अंग चोरत वर जाते. प्रथमदर्शनी मला हा निव्वळ धांगडधिंगा वाटला. यात ज्ञान ते कोठले? पण थोडा वेळ पाहिल्यावर दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक अशी की, पुढचे पाऊल कोठे टाकावे हे येथे मुलालाच ठरवावे लागते. वाट एकच नाही, आणि कोठेही बाण काढून दाखविलेला नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या फटी अशा बेताने ठेवल्या आहेत की, मोठ्या माणसाचे शरीर तेथे सुखाने मावत नाही. बहुतेक आईबाप खाली उभे राहून वर पाहतात. ‘इकडून ये’, ‘तिकडे पाय ठेव’ हे खालून ओरडता येते, पण गलक्यात ते वर ऐकू जात नाही. वडील माणसांना मुलाच्या कामातून इतक्या सभ्यपणे दूर ठेवणारी रचना मी दुसरीकडे पाहिली नाही.

ती चढण मला दूर ठेवू शकली. पुढच्या दालनात मात्र मी मोकळा होतो. तेथे लाकडी उतार व पन्हळी मांडल्या होत्या आणि त्यांवरून गोल्फचे चेंडू सोडावयाचे होते. एका पन्हळीस मध्येच उभे वर्तुळाकार वळण दिलेले होते. वरून सोडलेला चेंडू त्या वळणातून उलटा फिरून पलीकडे गेला पाहिजे, असा तो खेळ. नातवाने चेंडू वळणाच्या माथ्याइतक्या उंचीवर धरून सोडला. तो अर्ध्यावर जाऊन खाली पडला. पुन्हा सोडला, पुन्हा पडला. मग हात किंचित वर, तरीही पडला. मग पुन्हा खाली, बहुधा पहिल्या वेळी आपलेच काही चुकले असावे अशा शंकेने. असे दहा-बारा वेळा झाले.

यातले गणित मला ठाऊक होते. चेंडू वळणाच्या माथ्यावर पोहोचला एवढ्याने भागत नाही. माथ्यावर असताना त्याच्या अंगी पन्हळीस चिकटून राहण्याइतका वेग शिल्लक असावा लागतो. म्हणून वर्तुळाचा माथा तळापासून दोन त्रिज्यांवर असला, तरी घरंगळणारा चेंडू सुमारे पावणेतीन त्रिज्यांच्या उंचीवरून सोडावा लागतो. हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर सिद्ध करून दाखविले आहे. मला राहवेना. मी म्हणालो, “अरे, आणखी वरून सोड. हे बघ, इथून.” आणि त्याचा हात धरून वर नेला.

चेंडू झर्रकन फिरून पलीकडे गेला. मी टाळी वाजविली. नातवाने एकदा चेंडूकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले, म्हणाला, “हो आजोबा,” आणि दुसरीकडे निघून गेला. त्या पन्हळीकडे तो पुन्हा फिरकला नाही.

उत्तर देण्याच्या भरात मी त्याचा प्रश्नच हिरावून घेतला होता. पावणेतीन हा आकडा त्याला कधीच सापडला नसता, हे खरे. पण ‘माथ्याइतकी उंची पुरत नाही’ हे विलक्षण सत्य त्याच्या हाताला जवळजवळ सापडले होते. वर्गात मी ते चाळीस मुलांना सांगत असे. त्यांतील किती जणांच्या हाताला ते सापडले असेल, हा विचार त्या दिवशी प्रथमच मनात आला व तो सुखाचा नव्हता. सॅन फ्रान्सिस्को येथे 1969 साली ‘एक्सप्लोरेटोरियम’ स्थापन करणारे पदार्थशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहाइमर म्हणत की, संग्रहालयात कोणी नापास होत नाही. मुलांपुरते हे सत्य आहे. आजोबांविषयी मला तितकी खात्री नाही.

या अनुभवावरून अशा संग्रहालयांची एक कसोटी हाती लागते. वस्तूला हात लागणे निराळे, आणि हाताने काही करणे निराळे. कळ दाबली की यंत्र फिरू लागते, ही सोय नवी नव्हे. 1888 साली स्थापन झालेल्या बर्लिनच्या ‘उरानिया’ संस्थेत ती होती, आणि लंडनच्या विज्ञान-संग्रहालयात 1931 साली उघडलेल्या मुलांच्या दालनातही कळी व दांडे होतेच. परंतु कळ दाबणाऱ्या मुलाचे काम तेथेच संपते; पुढचे सारे यंत्र करते. म्हणूनच कोणत्याही देशात गेले तरी कळींच्या दालनात मुले एकीवरून दुसरीकडे धावत सुटलेली दिसतात. त्यांच्या चंचलपणाला आपण दोष देतो. वास्तविक तेथे थांबण्याजोगे काही ठेवलेलेच नसते. याउलट चेंडू, पाणी, वाळू, साबणाचे फुगे ही साधने हलक्या मोलाची, पण दर वेळी थोडे निराळे उत्तर देणारी. मूल तेथे थांबते. कोणत्याही प्रयोगापुढे मूल किती वेळ रेंगाळते हेच त्याचे खरे मोल, असे मी म्हणेन.

आता या सर्व प्रकाराविरुद्ध एक आक्षेप आहे व तो पोरकट नाही. मुलांना दिसेल त्यास हात लावण्याची मुभा दिली, तर वस्तूविषयीचा आदर त्यांच्या ठिकाणी कसा उत्पन्न व्हावा? आपल्या घरी देव्हारा, तंबोरा, आजोबांची पोथी यांना सहज हात लावू देत नसत, आणि त्या मनाईतूनच त्या वस्तूंचे मोल आपल्याला कळले.

या आक्षेपाचे उत्तर त्या संग्रहालयातच मिळते. क्योतो व बोस्टन या शहरांचा भगिनीसंबंध 1959 पासूनचा. त्या नात्याने क्योतोने आपल्याकडील एक जुने दुमजली घर बोस्टनला भेट दिले. ते सुटे करून आणले, आणि 1979 साली जपानी सुतारांनी ते वखारीच्या आत पुन्हा उभे केले. ही प्रतिकृती नव्हे, खरोखर नांदते असलेले घर. त्याच्या उंबऱ्याशी नियम एकच: जोडे काढावयाचे. आमच्या नातीला हे सांगावे लागले नाही. घरी आजीचा तोच नियम आहे. इतर दालनांत उंडारणारी मुले येथे आपोआप हळू चालू लागली. चटयांवर बसली, सरकते दार दोन्ही हातांनी अलगद ओढू लागली. हात लावण्यास मनाई नव्हती. पण हात कसा लावावा, हे ते घरच सांगत होते. स्पर्श आणि आदर यांचे वैर आहे असे आपण उगाच मानतो. देव्हाऱ्याला हात लावू न देणाऱ्या आजीनेच पुढे एके दिवशी स्नान करवून आपल्या हाती चंदन उगाळावयास दिले होते, हे आपण विसरतो. माझ्या मते साऱ्या संग्रहालयात हे घर सर्वांत सरस; कारण तेथे मुलाला स्वातंत्र्य आणि मर्यादा ही दोन्ही एकाच दारातून भेटतात.

हे सारे डॉलरांच्या देशातले, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण मुंबईत वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र 1985 पासून याच मार्गाने चालले आहे. 1922 साली लोकांस खुल्या झालेल्या जुन्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाने, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने, आपल्या आवारात 2019 साली मुलांसाठी निराळे संग्रहालय उघडले. आणि पैशाचाच प्रश्न असेल, तर ताराबाई मोडक यांचे स्मरण करावे. माँटेसरीबाईंची साधने महाग. खेड्यात ती कोठून येणार? म्हणून 1945 साली बोर्डी येथे काम आरंभिल्यावर त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हेच मुलांच्या हाती दिले. मुलाचा हात आणि त्याची जिज्ञासा यांच्यामध्ये कमीत कमी अडथळा ठेवावा, हे तत्त्व बोस्टनच्या वखारीत आणि बोर्डीच्या अंगणात एकच आहे. पावट्यांनी भरलेली परात आणि एक रिकामे मापटे मुलापुढे ठेवून पाहावे. तिकिटाशिवाय ते तत्त्व घरी पडताळता येते.

अडचण आहे ती आपली, वडील माणसांची. सर्व दालने पाहून झालीच पाहिजेत, दिलेले पैसे वसूल झाले पाहिजेत, आणि गाडीत बसताच ‘आज काय काय शिकलास, सांग पाहू’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे, अशी आपली समजूत. संग्रहालयाने कितीही काचा काढल्या, तरी मूल आणि वस्तू यांच्यामध्ये आपण उभे राहतोच. ही काच कोणत्याही संचालकास काढता यावयाची नाही. ती ज्याची त्यानेच काढली पाहिजे.

परतण्यापूर्वी आम्ही मुलांना घेऊन तेथे आणखी एकदा गेलो. या खेपेस मी हात पाठीमागे धरून उभा राहिलो. नातवाने पन्हळींकडे पाहिलेही नाही. सकाळभर तो साबणाच्या पाण्यात एक मोठी कडी बुडवून वर काढीत होता. फुगा बहुतेक वेळा फुटे. बाराच्या सुमारास त्याने आपण होऊन कडी खाली ठेवली, हात माझ्या सदऱ्याला पुसले, आणि भूक लागली म्हणाला. तो काय शिकला, हे मला सांगता येणार नाही. घरी येताना मी ते विचारलेही नाही.