मिस मार्पल चाळीत राहायला आल्या तर

आज आपल्यापुढे आहे अगाथा ख्रिस्ती यांची ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’. १९३० सालची. मिस मार्पल ज्या पहिल्या कादंबरीत भेटतात ती हीच. सेंट मेरी मीड नावाचं इंग्लंडमधलं एक खेडं. तिथल्या पाद्रीबाबांच्या अभ्यासिकेत कर्नल प्रॉथेरो यांचा खून होतो. खुनी कोण हे आपण सांगणार नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांचा आनंद कशाला घालवा! एक लहान गुपित मात्र फोडावं लागेल, कारण आपला मुद्दाच त्यात आहे.

या प्रकाराला इंग्रजीत ‘कोझी’ म्हणतात. खून होतो, पण रक्त फारसं दिसत नाही. गावातला चहा वेळेवर होतो. पोलिसांच्या आधी छडा लावते ती लग्न न केलेली एक म्हातारी. ती दिवसभर बागेत असते, हातात पक्षी बघायची दुर्बीण असते, आणि कोण कुणाकडे किती वाजता गेलं हे तिला पक्कं ठाऊक असतं.

आता गिरगाव-लालबागच्या माणसाला यात परकं काय आहे? दुर्बिणीच्या जागी तांदळाचं सूप ठेवा, बागेच्या जागी गॅलरी. दुसऱ्या मजल्यावर पाहुणा आला की सामाईक नळावर बातमी आधी पोचते. मिस मार्पल चाळीत राहायला आल्या असत्या, तर आठवड्याभरात रुळल्या असत्या.

मग प्रश्न असा, की आपल्याकडे चाळीतली हेरकथा का रुजली नाही? बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. चाळींमधून त्या हातोहात फिरल्या. पण झुंजार काय, काळापहाड काय, ही मंडळी धाडसाच्या, वेषांतराच्या, पाठलागाच्या दुनियेतली. गॅलरीत बसून छडा लावणाऱ्या आजीबाई त्यांत नाहीत. याचं नेहमीचं उत्तर असं, की एका खोलीत आठ माणसं राहत असताना वाचकाला घटकाभर बाहेर पडायचं होतं. हे खरंच आहे. पण आम्हाला वाटतं, ते अर्धंच उत्तर आहे.

उरलेलं अर्धं तेंडुलकरांकडे सापडतं. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगभूमीवर आलं १९६७ साली. मुंबईतल्या एका हौशी संस्थेची मंडळी एका गावात प्रयोगासाठी जातात आणि वेळ घालवायला खोटा खटला मांडतात. आरोपी म्हणून कुणाला उभं करतात? मिस बेणारे यांना. बघता बघता खेळ बाजूला राहतो. ऐकलेलं, पाहिलेलं, कुजबुजलेलं सगळं तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून बाहेर येतं.

म्हणजे बघा, दोघीही मिस. दोघींच्याही भोवती सगळ्यांना सगळं माहीत असणारी माणसं. एक साक्ष गोळा करते. दुसरीविरुद्ध साक्ष गोळा होते. मिस मार्पल म्हातारी आहे, तिच्याबद्दल कुजबुजण्यासारखं गावाला काही उरलेलं नाही, म्हणून तिला निर्धास्तपणे बघता येतं. बेणारे तरुण आहे, नोकरी करते, स्वतःच्या मर्जीनं जगते. शेजाऱ्यांची नजर काय असते, हे तिला विचारावं.

ख्रिस्तींना हे कळत नव्हतं का? चांगलंच कळत होतं. याच कादंबरीत मिसेस लेस्ट्रेंज आहेत. गावात नव्यानं आलेल्या, एकट्या, देखण्या. डॉक्टर त्यांच्याकडे का जातात, पाद्रीबाबा का जातात, यावर चहाच्या टेबलाशी बायकांचे तर्क चालतात. आणि खरं काय निघतं? ही बाई असाध्य आजारानं मरायला टेकलेली आहे आणि दुरावलेल्या मुलीला भेटण्यासाठी आलेली आहे. चहाच्या टेबलावरचे तर्क साफ चुकले. त्याबद्दल गाव तिची माफी मागत नाही. मागावी असं कुणाला वाटतही नाही, कारण तोवर खुनी सापडलेला असतो.

आमच्या मते कोझीची खरी ताकद आणि खरी खोट, दोन्ही इथेच आहेत. कुजबुजीतून एकदा खुनी सापडला, की सगळी कुजबुज माफ. वाचक सुखावतो. ख्रिस्तींची रचना इतकी चोख आहे, की आपणही पुस्तक मिटताना मिसेस लेस्ट्रेंजना विसरतो. ही कादंबरी वाचू नका असं आम्ही म्हणत नाही, जरूर वाचा. फक्त दुसऱ्यांदा वाचताना त्या बाईच्या बाजूनं वाचा.

आज गिरगाव, परळ, लालबागमध्ये चाळी पाडून टॉवर उभे राहतायत. शेजारी कोण राहतं ते माहीत नसतं, आणि आपण हळहळतो, की चाळीत कसं सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं! आजारपणात, अडल्यानडल्याला त्याचा केवढा आधार होता, हे कुणी नाकारणार नाही. पण त्याच गॅलरीतून नोकरीवरून उशिरा परतणारी एखादी मुलगी मान खाली घालून आपल्या खोलीकडे जायची. मराठीत उद्या कुणी चाळीतली रहस्यकथा लिहायला घेतली, तर तिच्यात गॅलरीतल्या आजीबाई जरूर असाव्यात. या मुलीलाही त्यात बोलू द्यावं, एवढंच आमचं मागणं आहे.