औषधाच्या माहितीपत्रकाची भाषा : ‘दुष्परिणाम’ या शब्दाच्या मर्यादा

औषधाच्या खोक्यात बारीक घडी घालून ठेवलेले माहितीपत्रक घराघरांत पोहोचते आणि बहुधा न वाचताच फेकले जाते. भाषेच्या अभ्यासकाने त्याकडे वळण्याचे कारण सरळ आहे. हा मजकूर चुकीचा समजला तर त्याची किंमत देहाला मोजावी लागते. साहित्यकृतीचा विचार करताना आपण तिचा अभिप्रेत वाचक कोण, हा प्रश्न आस्थेने विचारतो. तोच येथे विचारला तर उत्तर चमत्कारिक येते. आपल्याकडील अनेक माहितीपत्रकांच्या माथ्यावर, हा मजकूर केवळ नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक, रुग्णालय अथवा प्रयोगशाळा यांच्या उपयोगासाठी आहे, असे इंग्रजीत छापलेले असते. म्हणजे गोळी रुग्णाने घ्यावयाची. तिच्याविषयीचे लेखन मात्र त्याला उद्देशून नाही. मराठीतून त्याच्या वाट्याला येतात ती आरोग्यविषयक पत्रकांतील ठरावीक वाक्ये आणि दुकानदाराने गोळ्यांच्या पट्टीवर पेनाने ओढलेल्या रेघा.

या ठरावीक वाक्यांतील मध्यवर्ती शब्द ‘दुष्परिणाम’ हा होय. ‘दुस्’ या उपसर्गामुळे परिणाम वाईटच, असा निवाडा शब्दातच होऊन जातो. औषधशास्त्राची दृष्टी याहून सूक्ष्म आहे. मिनॉक्सिडिल हे रक्तदाब उतरविण्यासाठी दिले जाणारे औषध. त्याने अंगावर केस वाढतात असे आढळले आणि पुढे तेच टक्कल पडलेल्या डोक्यावर लावण्यासाठी वापरात आले. परंतु शब्दाचा खरा दोष तात्त्विक नसून व्यावहारिक आहे. निरुपद्रवी आणि प्राणघातक अशा दोन टोकांच्या गोष्टी तो एकाच रांगेत बसवितो.

क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनचे उदाहरण घ्यावे. या औषधाने लघवी, घाम आणि अश्रू यांना नारिंगी-लालसर रंग येतो. त्यात अपाय काही नाही. मात्र त्याच उपचारात डोळे पिवळे होणे, सतत मळमळणे, अन्नावरची वासना जाणे ही यकृताला इजा होत असल्याची चिन्हे असू शकतात आणि अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे लागते. ‘दुष्परिणाम’ या एकाच मथळ्याखाली हे सारे स्वल्पविराम देऊन लिहिले, की रुग्ण लाल रंगाला घाबरून उपचार सोडतो किंवा पिवळ्या डोळ्यांकडे दुर्लक्ष करतो. गरोदर स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळ्यांची कथा निराळी नाही. शौचाला काळे होणे ही त्या गोळीची स्वाभाविक खूण. ती आधी सांगितली नाही, तर घाबरून गोळी बंद होते आणि रक्तक्षय तसाच राहतो.

बोलीतील मराठी या बाबतीत दरिद्री नाही. औषध ‘मानवले नाही’, ‘सोसले नाही’, ‘बाधले’, ‘अंगावर उठले’ या प्रयोगांत तीव्रतेच्या पायऱ्या आहेत. तथापि बोलीचे सरसकट गौरवीकरण करणेही धोक्याचे ठरेल. ‘औषध उष्ण पडले’ हा प्रयोग पाहावा. तोंड आले की उष्णता झाली, असे म्हणून ताक किंवा सब्जा घेतला जातो. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत मात्र तोंडातील फोड ही औषध विषारी पातळीला गेल्याची सूचना असू शकते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. ती चुकून रोज घेतली गेल्याने जगात अनेक मृत्यू झाले आहेत. म्हणूनच ‘आठवड्यातून एकदा’ एवढेच न लिहिता ‘दर सोमवारी’ असा वार लिहावा, असे सुचविले जाते. एका क्रियाविशेषणावर जीव अवलंबून असण्याची याहून स्पष्ट उदाहरणे आपल्या व्याकरणाच्या वर्गात क्वचितच सापडतील.

व्याकरणाचा आणखी एक मुद्दा. ‘वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये’ हे वाक्य सर्वपरिचित आहे. त्याचा सारा रोख औषध सुरू करण्यावर आहे. ते थांबविण्याविषयी वाक्य मौन पाळते. वास्तविक काही आठवडे घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद केले, तर शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असल्याने प्रकृती गंभीर होऊ शकते. अपस्माराची गोळी अचानक सोडल्यास झटके उसळतात. ‘बरे वाटले म्हणून सोडले’ या अतिपरिचित वाक्याला उत्तर देणारे वाक्य आपल्या सूचनांत सहसा नसते.

‘उपाशीपोटी’ या शब्दाविषयी जाता जाता एवढेच, की पुष्कळ घरांत चहाने उपास मोडत नाही. आणि चहाने लोहाचे शोषण घटते.

या पार्श्वभूमीवर नव्या उपायांकडे पाहावे लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० औषधांच्या वेष्टनावर क्यूआर कोड किंवा बारकोड बंधनकारक झाला. त्यातून औषधाचे नाव, उत्पादक, तुकडीचा क्रमांक, उत्पादनाचा व मुदत संपण्याचा दिनांक, परवाना क्रमांक असा तपशील मिळतो. बनावट औषध ओळखण्यासाठी हे मोलाचे आहे. मात्र कोणते लक्षण सोसावे आणि कोणत्या लक्षणाशी थांबावे, हे सांगणे नियमाने त्या कोडवर सोपविलेलेच नाही. २०१० साली सुरू झालेल्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाने रुग्णाला बोलण्याची जागा दिली, हे अधिक महत्त्वाचे. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर रुग्ण स्वतः तक्रार नोंदवू शकतो. त्यासाठीचा अर्ज मराठीतही आहे.

आपल्या महाविद्यालयांत उपयोजित मराठीच्या तासाला जाहिरात, वृत्तलेखन, अर्जलेखन शिकविले जाते. त्यात औषधाच्या माहितीपत्रकाचे मराठी लेखन हा घटक औषधशास्त्राच्या अध्यापकांच्या सहकार्याने सहज घेता येईल. विद्यार्थ्यांनी तयार केलेला मसुदा, ज्या बाईला ती गोळी रोज घ्यावयाची आहे तिला आधी वाचून दाखवावा, आणि तिला काय समजले ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. गुण त्यानंतर द्यावेत.