‘शून्य तक्रारी’ म्हणजे तुम्ही नेमकं काय मोजलंत?

कॉर्पोरेट गव्हर्नन्सवर पीएच.डी. करायची म्हटलं की पहिला प्रश्न डेटाचा. हल्ली त्याला तयार उत्तर मिळतं : बीआरएसआर. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून हा अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारींचा आकडाही असतो. साचा सगळ्यांना एकच, त्यामुळे तुलना सोपी. इथपर्यंत सगळं छान.

गडबड पुढे होते. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी ठोकून दिलं होतं : तक्रारी जितक्या कमी, तितका कारभार चांगला. गाइडनी समासात तीनच शब्द लिहिले, ‘तक्रार कुणाकडे करायची?’ मी गप्प.

आता कायदा बघा. १९९७ च्या विशाखा निकालानंतर सोळा वर्षांनी, २०१३ मध्ये तो आला. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर मालकाने अंतर्गत समिती नेमायची, आणि तीही प्रत्येक शाखेत. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. तक्रार लेखी, साधारण तीन महिन्यांच्या आत.

म्हणजे घटना आणि अहवालातला आकडा यांच्यामध्ये किती पायऱ्या आहेत ते मोजा. समिती आहे हे तिला माहीत हवं. तिच्यावर विश्वास हवा. नोकरी टिकेल याची खात्री हवी. मग कागद, मग नोंद. यातली एक पायरी जरी तुटली तरी शेवटी शून्यच येतं. आणि जिथे खरोखर काहीच घडलं नाही, तिथेही शून्यच! दोन अगदी वेगळ्या कंपन्या तुमच्या एक्सेलमध्ये एकाच रांगेत बसतात.

कंत्राटी कामगारांचं तर विचारूच नका. कायद्याच्या व्याख्येत कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ सगळे येतात. पण हाउसकीपिंग एजन्सीमार्फत आलेल्या बाईंना कंपनीच्या समितीचं नाव तरी कुणी सांगितलेलं असतं का? त्यांची तक्रार कुठे मोजली गेली, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

२०२५ च्या दुरुस्तीनंतर संचालक मंडळाच्या अहवालात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, नव्वद दिवसांपेक्षा जास्त काळ किती रखडल्या हे द्यावं लागतं. सुधारणा चांगलीच आहे. पण मोजणी अजूनही दारापर्यंत पोचलेल्यांचीच होते.

मग हा डेटा टाकून द्यायचा का? मुळीच नाही. फक्त व्हेरिएबलचं नाव बदला. ‘छळाचं प्रमाण’ नको, ‘नोंदवलेल्या तक्रारी’ म्हणा. एका वर्षावर थांबू नका, तीन-चार वर्षांचे आकडे बघा. आकडा वाढला तर लगेच कारभार बिघडला असं लिहू नका. कदाचित समितीवर पहिल्यांदाच भरवसा बसला असेल. आणि जमलं तर चार बायकांशी बोला. पोचलेल्या तक्रारी अहवालात सापडतील. न पोचलेल्यांबद्दल त्याच सांगू शकतील.