'साइन', 'सेंटर' आणि व्युत्पत्तीचा हिशेब

'सेंटर' हा शब्द 'केंद्र'वरून आला, 'कोसाइन' हा 'कोटिज्या'चा अपभ्रंश, 'जॉमेट्री' म्हणजे आपली 'ज्यामिती', अशी विधाने आपल्याकडे व्याख्यानांतून आणि लेखांतून वारंवार भेटतात. तिन्ही जोड्यांत ध्वनिसाम्य आहे; त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र तिन्ही ठिकाणी चुकीचा आहे. माझा आक्षेप अभिमानाला नाही. अशा व्युत्पत्तींच्या गर्दीत खरी, पुराव्याने उभी राहणारी व्युत्पत्ती झाकली जाते, याला आहे.

त्रिकोणमितीतला 'साइन' पाहा. कानाला त्यात संस्कृत काहीच लागत नाही. तरी त्याचे मूळ भारतातच आहे. वर्तुळाचा कंस हे धनुष्य मानले, तर त्याची दोन टोके जोडणारी रेषा म्हणजे दोरी, अर्थात 'ज्या'. ग्रीक ज्योतिर्विद टॉलेमी याची कोष्टके पूर्ण ज्येची होती. भारतीय गणितींनी अर्धी ज्या घेतली आणि आकडेमोड सोपी केली. इ.स. 499च्या सुमाराच्या 'आर्यभटीया'त अशा 24 अर्धज्यांतील फरक दिले आहेत. पुढे 'अर्धज्या'तला 'अर्ध' गळला; 'ज्या' आणि तिचा पर्याय 'जीवा' रूढ झाले.

भारतीय ज्योतिषग्रंथ अरबीत गेले, तेव्हा 'जीवा'चे 'जीब' झाले. अरबीत या शब्दाला स्वतंत्र अर्थ नव्हता. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे तीच अक्षरे 'जैब' अशी वाचली गेली. जैब म्हणजे वस्त्राचा छातीवरचा उघडा भाग किंवा घडी. हिंदीतला खिशाचा 'जेब' तो हाच. बाराव्या शतकात अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली, तेव्हा भाषांतरकारांनी 'जैब'चा अर्थ पाहून 'सायनस' हा शब्द योजला. त्याचाच इंग्रजी 'साइन' झाला. धनुष्याची दोरी अशी वस्त्राची घडी झाली. ध्वनी पार बदलला, अर्थही बदलला, पण वाटेवरचा प्रत्येक टप्पा ग्रंथांतून दाखवता येतो.

'कोसाइन'ची गोष्ट उलटी आहे. 'कोटिज्या' आणि 'कोसाइन' दोन्ही 'को'ने सुरू होतात, अर्थही एकच. तरी हा 'को' कोटीचा नव्हे. कोटी म्हणजे धनुष्याचे टोक. इंग्रजीतला 'को' मात्र पूरक कोन दाखवणाऱ्या लॅटिन शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. एडमंड गुंटर याने 1620मध्ये ते वापरले. इतके जवळचे साम्यही निव्वळ योगायोग असू शकते, हे ध्यानात ठेवण्यासाठी याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

आता 'केंद्र'. ग्रीक 'केंट्रॉन' म्हणजे टोचणारे अणकुचीदार टोक. त्यावरून कंपासचे रोवलेले टोक आणि वर्तुळाचा मध्य. लॅटिन आणि फ्रेंचमार्गे त्याचा 'सेंटर' झाला. तोच ग्रीक शब्द ज्योतिषाबरोबर भारतात आला आणि 'केंद्र' बनला. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ग्रंथांत असे ग्रीक शब्द अनेक आहेत. 'होरा' आणि 'जामित्र' हे त्यांतलेच. त्याने सारांशाने मांडलेल्या पाच सिद्धांतांत एक 'रोमक' आहे. घेतलेली विद्या त्याने लपवली नाही. आपण का लपवावी?

'जॉमेट्री'त 'ज्या' नाही. 'गे' म्हणजे भू, 'मेट्रॉन' म्हणजे माप. यूक्लिडचा ग्रंथ अठराव्या शतकात पंडित जगन्नाथाने संस्कृतात आणला, त्याचे नाव 'रेखागणित'. 'ज्यामिती' हा इंग्रजी शब्दाच्या उच्चाराशी जुळवून अलीकडे घडवलेला शब्द आहे. मराठीतला 'भूमिती' उच्चाराच्या मागे न लागता अर्थ नेमका धरतो, म्हणून मला तो सरस वाटतो. 'मेट्रॉन' आणि 'मिती' यांचे नाते आहे, पण ते एका प्राचीन आईच्या दोन लेकींचे. बहिणीला आई ठरवून कोणाचाच मान वाढत नाही.

व्युत्पत्ती सांगणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत: शब्द प्रथम कुठे आणि केव्हा लिहिलेला सापडतो? तो कोणत्या वाटेने, कोणाच्या हातून गेला? आणि सांगितलेला ध्वनिबदल त्या भाषांतल्या इतर शब्दांतही दिसतो का? या कसोटीवर 'साइन' उतरतो. आपल्या मुंगसावरून आलेला इंग्रजी 'मंगूस'ही उतरतो. 'केंद्र'ही उतरतो, फक्त उलट्या दिशेने.

इथे प्रश्न शब्दांपुरता नाही. वर्गात 'सेंटर'ची खोटी कुळकथा ऐकलेल्या विद्यार्थ्याला पुढे खरे मूळ कळले, की तो आर्यभटाच्या अर्धज्येकडेही संशयाने पाहू लागतो. एक खोटी नोंद सापडली, की सावकाराची अख्खी वही संशयात येते. आर्यभटाचे येणे खरे आहे. ते वसूल करायचे, तर ग्रीकांचे देणेही त्याच वहीत स्वच्छ अक्षरात लिहिले पाहिजे.