चाळणीची परीक्षा

ई-मेलसोबत येणाऱ्या बाधित फायली काढून टाकणारी चाळणी किती विषाणू अडवते, एवढ्यावरच तिला गुण देण्याची रीत आहे. आम्हाला ही परीक्षा अपुरी वाटते. अडवल्यावर ती कोणाला काय कळवते, हेही पाहायला हवे.

अडवण्याच्या बाबतीत साध्या चाळणीला उगाच नावे ठेवली जातात. ४ मे २००० रोजी ‘आय लव्ह यू’ या विषयाचे पत्र जगभर फिरले. सोबतच्या फाईलच्या नावाअखेरीस टीएक्सटी आणि त्यापुढे व्हीबीएस होते. विंडोज हे शेवटचे शेपूट लपवत असे. त्यामुळे साधा मजकूर समजून वाचणारा फाईल उघडी, आणि आतली आज्ञावली त्याच्या पत्त्यांच्या वहीतल्या सर्वांना तेच पत्र धाडी. विषाणूची खूण जुळवून पाहणाऱ्या प्रणाली त्या सकाळी बहुतेक निरुपयोगी ठरल्या. ही खूण त्यांच्या यादीत यायचीच होती. ‘व्हीबीएस फाईल आत घेऊ नये’ एवढा एक नियम मात्र पुरला असता.

अर्थात नाव बदलता येते. म्हणून चांगली चाळणी फाईलची सुरुवातीची अक्षरे वाचते. हे वर्गातही दाखवता येईल. वर्डची डॉकएक्स फाईल नोटपॅडमध्ये उघडा. आरंभी ‘पी’ आणि ‘के’ ही रोमन अक्षरे दिसतील, कारण ती मुळात झिप फाईल आहे. विंडोजवर चालणारी आज्ञावली ‘एम’, ‘झेड’ने सुरू होते, तिचे नाव ‘सहल.जेपीजी’ ठेवले तरी ही अक्षरे बदलत नाहीत. (फाईल न साठवता बंद करावी, नाहीतर बिघडेल.) २००४ मधल्या बेगलने झिपला कुलूप लावून परवलीचा शब्द पत्रातच लिहिला, तेव्हा हीही युक्ती थिटी पडली.

आमची खरी तक्रार पुढची आहे. ऑगस्ट २००३ मध्ये पसरलेला सोबिग-एफ पाठवणाऱ्याच्या जागी दुसऱ्याच कोणाचा तरी पत्ता घाली. अनेक चाळण्या इमानेइतबारे त्याच पत्त्यावर ‘तुम्ही विषाणू पाठवला’ असे कळवीत. ज्याचा संगणक स्वच्छ, त्याच्यावर आरोप! वर टपालाची गर्दी वाढली ती वेगळीच. अशा चाळणीला आम्ही उत्तीर्ण करणार नाही. निरोप द्यायचा तो ज्याच्या नावे पत्र आले त्याला, आणि काढलेली फाईल काही दिवस बाजूला जपून ठेवायची. अडकलेली फाईल उद्याची प्रश्नपत्रिकाही असू शकते.